बाब क्रमांक सात

इतिवृत्त लिहिणं हे माझं काम.
कोण काय म्हणालं, काय ठरलं, अनुमोदन कोणाचं.
रडलं कोण, ते लिहायचं नसतं.

एल्डरबेकच्या टाऊन हॉलच्या तळमजल्याला
मार्च उजाडला तरी ओल्या सतरंजीचा वास येतो,
म्हणून आज बैठक वर, लग्नं नोंदवतात त्या खोलीत.
कागदी गुलाबांच्या कमानीखाली
नऊ नगरसेवक, दोन अभियंते,
आणि मागच्या खुर्च्यांवर, कोट न काढता बसलेले लोक.

बाब क्रमांक सात : सव्वीस नोव्हेंबरचा पूर.
अहवाल एकशे बारा पानांचा.

पान चाळीस. वाळूची पोती, नग सहाशे,
रात्री दोन वाजता मिल क्लोजला पोचली.
पाणी मिल लेनमध्ये होतं.
‘नावांतील साधर्म्यामुळे’, असं छापलंय.
मागे कोणीतरी हसलं.
मी लिहिलं : सभागृहात हशा.
मग खोडलं.
तो हशा नव्हता.

पान एकोणसाठ. पातळी मोजणारं यंत्र
एक मीटर नव्वदला बंद पडलं,
आणि पडद्यावर नदी पहाटेपर्यंत तिथंच,
हाताची घडी, तोंडावर बोट.
कंट्रोल रूममधल्या पोराने अडीचच्या नोंदीत लिहिलं,
स्थिर.

तेव्हा एनॉक थ्वेट उठले. वय त्र्याऐंशी.
पुतण्याच्या मदतीने त्यांनी आत आणलं
एक दार.
कोठीच्या खोलीचं, बिजागऱ्यांसकट,
खालचा तिसरा हिस्सा फुगून पाव झालेला.
त्यावर पेन्सिलीच्या रेघा.
आईच्या हातच्या, मग त्यांच्या :
पुराची साल, आणि शेजारीच
पोरांच्या उंच्या.
एकोणीसशे शेहेचाळीसचं पाणी धाकट्या मॉडच्या हनुवटीला.
या नोव्हेंबरचं
अकरा वर्षांच्या एनॉकच्या डोक्यावरून.
आणि मध्ये, दर अर्ध्या तासाची एक बारीक रेघ,
वेळेसकट,
पेन्सिल लिहीनाशी होईपर्यंत.

ग्विन ओल्डरॉयड, गटार विभाग,
अध्यक्षांना न विचारता गुडघ्यांवर बसली,
टेप काढली, मोजायला लागली.
हे नियमात बसत नाही.
अध्यक्ष नियमपुस्तिकेकडे बघत राहिले,
उघडली मात्र नाही.

टेंटर स्ट्रीटच्या तीन जाळ्या
दोन वर्षं साफ झाल्या नव्हत्या.
कारण : वर कायम उभी असलेली व्हॅन.
व्हॅन कोणाची, हे अहवालात नाही.
‘माझी,’ कौन्सिलर पार्जिटर म्हणाले,
आणि पाण्याचा ग्लास उगाच सरकवला.
मी लिहिलं : कौन्सिलर पार्जिटर यांनी माहिती दिली.

चहाच्या वेळी ग्विनला मी आमची म्हण सांगितली,
बैल गेला आणि झोपा केला.
झोपा म्हणजे गोठ्याचं दार, हेही सांगितलं.
तिने बिस्कीट बुडवलं, तुटलं, बोटाने काढलं.
‘दुसरा बैल नाहीये का तुमच्या त्या माणसाकडे?’
मला कधी सुचलं नव्हतं विचारायला.

ठराव झाले. पोती रस्त्याच्या नावावर नाही,
नकाशावरच्या आकड्यावर जातील.
पुलावर रात्री एक जिवंत माणूस, टॉर्च आणि काठी घेऊन.
जाळ्यांची यादी, तारखांसह, ग्रंथालयाच्या काचेवर.
दार संग्रहालयात लावावं, अशी सूचना आली.
थ्वेट म्हणाले, नको,
कोठी उघडी पडलीय, मांजर आत शिरतं.
सूचना मागे घेण्यात आली.

मधेच काचेवर पाऊस वाजला
आणि खोलीतल्या सगळ्या माना एकदम वळल्या.
हे इतिवृत्तात नाही.
बैठक आठ चाळीसला संपली, एवढं आहे.

घरी जाताना मी टेंटर स्ट्रीटवरून गेले.
व्हॅन समोरच्या बाजूला.
जाळीपाशी वाकले, कान दिला.
खाली पाणी चाललं होतं,
कुठे, ते दिसत नव्हतं,
पण चाललं होतं.